मुलाला हस्कीच हवाय. पार्किंगमधल्या पिल्लांचं काय?

नागपूरहून एका बाबांचं पत्र आलंय. थोडं लहान करून इथे देते.

‘आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथी झाली. सुट्टी लागली आणि त्यानं “ओह माय डॉग” हा तमिळ सिनेमा पाहिला. भाषा कळत नसताना पुन्हा पुन्हा पाहिला. तेव्हापासून एकच घोष, मला सिम्बा पाहिजे. सिम्बा म्हणजे त्यातलं सायबेरियन हस्की जातीचं कुत्रं. ताटावर बसला की रडतो, माझ्याशी धड बोलत नाही. शेवटी मी एका विक्रेत्याशी बोललो. पस्तीस दिवसांचं पिल्लू, तीस हजार रुपये. “कुलर असला की नागपुरात हस्की मस्त राहतो” असं तो म्हणाला. पाच हजार आगाऊ देऊन बसलोय. रविवारी आणायला जायचंय. बायकोचा साफ नकार आहे, कारण आम्ही दोघंही नोकरीला, सगळं तिच्यावरच पडेल असं ती म्हणते. माझी आई म्हणते, देवघरात केस येतील. फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. नाही म्हटलं तर पोराचं मन मोडेल, हो म्हटलं तर घरात भांडण. त्यात खाली पार्किंगमध्ये एका गावठी कुत्रीनं पिल्लं घातलीत. हा दिवसभर बिस्किटं घेऊन तिथेच. चावलं-बिवलं तर, याची वेगळी काळजी. काय करावं?’

नमस्कार.

रविवारी जाऊ नका. आजच फोन करून नको म्हणून सांगा. पाच हजार परत मिळाले तर उत्तम, नाही मिळाले तर गेले असं समजा. तेवढ्यासाठी पुढची बारा-चौदा वर्षं एका मुक्या जिवाला आणि घरातल्या सगळ्यांना भोगायला लावू नका.

आता मुलाकडे वळू, कारण तुमचा खरा प्रश्न त्याच्याबद्दल आहे. तो सिनेमा तुम्ही स्वतः बसून पाहिलाय का? नसेल तर आज रात्री त्याच्या शेजारी बसून पाहा. एप्रिल २०२२ मध्ये आलेला, सरोव षण्मुगम यांनी दिग्दर्शित केलेला हा सिनेमा. त्यात आजोबा, मुलगा आणि नातू या भूमिका विजयकुमार, अरुण विजय आणि अर्णव विजय यांनी केल्यात, आणि प्रत्यक्षातही ते एकमेकांचे आजोबा, मुलगा, नातू आहेत. म्हणून तर पडद्यावरचं ते घर खरं वाटतं. गोष्ट काय आहे? डॉग शोमध्ये बक्षिसं मिरवणाऱ्या एका श्रीमंत माणसाकडे एक पिल्लू जन्मतः आंधळं निघतं. त्याच्या लेखी ते खोट असलेला माल, म्हणून ते नाहीसं करायचं ठरतं. ते पिल्लू अर्जुन नावाच्या मुलाला सापडतं. तो त्याला घरी आणतो, वाढवतो, दिसत नसताना त्याला शिकवतो.

म्हणजे अर्जुननं हस्की विकत घेतला नाही. जे पिल्लू कुणालाच नको होतं, ते त्यानं उचललं. ते हस्की होतं हा योगायोग. आणि ‘या जातीचं, असंच दिसणारं, खोट नसलेलंच पाहिजे’ असं त्या सिनेमात कोण म्हणतो? खलनायक म्हणतो. तुमच्या लेकाला हे अजून कुणी दाखवून दिलेलं नाही. त्याला आवडलाय अर्जुन, आणि मागणी मात्र तो खलनायकाची करतोय. नऊ वर्षांच्या मुलाला हे नक्की कळतं. फक्त उपदेशाच्या सुरात सांगू नका. सिनेमा बघता बघता विचारा, ‘अर्जुननं सिम्बासाठी दुकानात किती पैसे दिले रे?’ पुढचा विचार त्याचा तो करेल.

हस्की नागपुरात का नको, हेही त्याला नीट कळलं पाहिजे. नुसतं ‘आपल्याकडे गरम होतं’ म्हणून भागणार नाही. ही जात ईशान्य सायबेरियातल्या चुकची लोकांनी बर्फावर गाडी ओढायला वाढवली. अंगावर केसांचे दोन थर. आतला लोकरीसारखा दाट, बाहेरचा लांब. १९२५ च्या हिवाळ्यात अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा औषध याच कुत्र्यांच्या गाड्यांनी पोचवलं. हाडं गोठवणाऱ्या थंडीत सुमारे १,०८५ किलोमीटर, वीस गाडीवानांनी हातोहात, साडेपाच दिवसांत. त्यातला सगळ्यात लांब आणि अवघड टप्पा टोगो नावाच्या कुत्र्यानं पुढे राहून पार केला. हा टोगो लहानपणी आजारी, किरकोळ, म्हणून मालकानं दुसऱ्याला देऊन टाकला होता, आणि तो खिडकीची काच फोडून परत आला. ही गोष्ट मुलाला रात्री झोपताना सांगा, त्याला फार आवडेल. मग विचारा, असा कुत्रा मे महिन्यात आपल्या चौथ्या मजल्यावर दुपारी दोन वाजता काय करेल?

सिनेमातला सिम्बा उटीत राहतो. उटी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचीवर आहे. तिथे मे महिन्यातही संध्याकाळी स्वेटर लागतो. आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. माणसाला अंगभर घाम येतो, कुत्र्याला तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना येतो. त्याचं शरीर निवतं ते मुख्यतः धापा टाकून, जिभेवरच्या आणि श्वासातल्या ओलाव्याची वाफ होऊन. कोरड्या मे महिन्यात कुलर खोलीतली हवा थोडी गार करतो हे खरं. पण वीज गेली की? आणि जून उजाडून हवा दमट झाली की कुलर नुसता ओलावा वाढवतो, मग धापा टाकूनही वाफ होत नाही आणि आतली उष्णता आतच राहते. कुत्र्याचं अंग एरवी ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं. ते ४१ च्या वर गेलं की उष्माघात, आणि मग डॉक्टरांकडे पोचेपर्यंतही वेळ हातात नसतो. केस भादरले की झालं, असंही कुणी सांगेल. ते करू नका. केसांचे ते दोन थर त्याला उन्हापासूनही वाचवतात. म्हणजे एसी आला, तोही दिवसभर, घरात कुणी नसतानाही. आणि रोजची दमवणारी धावपळ आली, कारण ही जात बसून राहायला जन्मलेलीच नाही. कोंडून ठेवला की हस्की ओरडतो, दारं कुरतडतो, संधी मिळाली की पळतो. सोसायटीत पहिली तक्रार आठवडाभरात येईल.

त्या विक्रेत्याबद्दल एक गंभीर गोष्ट. पस्तीस दिवसांचं पिल्लू विकणं नियमात बसत नाही. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबाबत केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. त्यांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. आठ आठवडे का, हे लहान मूल असलेल्या घरानं मुद्दाम समजून घ्यावं. पिल्लं एकमेकांशी खेळताना चावतात. चावा जोरात बसला की दुसरं केकाटतं, खेळ थांबतो, किंवा आई दटावते. दात किती दाबायचे हे पिल्लू तिथे शिकतं. पाचव्या आठवड्यात उचलून आणलेलं पिल्लू हा धडा घेतल्याशिवाय तुमच्या मुलाच्या हातात येतं. शिवाय त्या वयात लसी झालेल्या नसतात. पार्व्हो हा आतड्यांचा जीवघेणा आजार पिल्लाच्या अंगात शिरला तरी काही दिवस दिसतच नाही. घरी आणून नाव ठेवून झालं की उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू होतात. पोराचं मन मोडायची भीती तुम्हाला वाटते ना? असं पिल्लू त्याच्या मांडीवर गेलं तर काय होईल, याचा विचार करा.

सिनेमा पाहून एखाद्या जातीच्या मागे लागणारं तुमचं पहिलं घर नव्हे. १९४३ मध्ये ‘लॅसी कम होम’ हा एका कॉली जातीच्या कुत्रीचा सिनेमा आला आणि पुढच्या दोन वर्षांत अमेरिकेत कॉली कुत्र्यांची नोंदणी चाळीस टक्क्यांनी वाढली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या केनेल क्लबच्या, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की गाजलेल्या कुत्र्याच्या सिनेमाचा असा परिणाम दहा वर्षांपर्यंत टिकतो. आपल्याकडे २००३ च्या सुमारास मोबाइलच्या एका जाहिरातीत लहान मुलाच्या मागे मागे जाणारा पग आला आणि गल्लोगल्ली पग दिसायला लागले. बसक्या नाकाचा तो जीव आपल्या उन्हाळ्यात श्वासासाठी घोरत, धडपडत असतो, आणि बघणाऱ्यांना ते गोड वाटतं. मला हे बघवत नाही. मागणी वाढली की पैदास घाईत होते, आजारी पिल्लं बाजारात येतात, आणि हौस फिटली की वर्षा-दोन वर्षांत तीच कुत्री रस्त्याला लागतात. जातिवंत कुत्रा रस्त्यावर गावठी कुत्र्यासारखा तगत नाही.

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. ‘दिवसभर बिस्किटं घेऊन तिथेच.’ तुम्ही ते काळजी म्हणून लिहिलंत. मला त्यात असं दिसतं की मुलगा टीव्हीसमोर रडत बसलेला नाही, तो खाली जाऊन कुत्र्यांची सोबत करतोय. त्याला हवंय ते चार मजले खाली आहे. फक्त त्याला आणि तुम्हालाही ते ‘खरं कुत्रं’ वाटत नाहीये.

म्हणून माझं सांगणं असं. आज लगेच पिल्लू घरात आणायचं नाही. आधी तुम्ही त्याच्याबरोबर खाली जा. रोज, सकाळी साडेसहाला आणि दिवेलागणीला. बिस्किटं बंद करा. मैदा आणि साखरेनं पिल्लांचं भलं होत नाही. आईला उकडलेलं अंडं, भात, थोडं चिकन किंवा कलेजी उकडून द्या, मीठ-मसाला न घालता. सावजी रस्सा उरला म्हणून खाली नेऊ नका, त्यातला कांदा-लसूणच कुत्र्याला विषासारखा. चॉकलेट, द्राक्षं, मनुकाही नकोत. सावलीत पाण्याचं पसरट मातीचं भांडं ठेवा आणि ते रोज घासायचं काम मुलाला द्या. हे भांडं घासणं नीट बघत जा. सिनेमा पाहून आलेलं प्रेम खरं असतं, पण ते दर सकाळी साडेसहाला उठतं का, हे त्या भांड्यावर दिसेल. पहिला आठवडा उठेल. तिसऱ्या आठवड्यात काय होतं ते पाहा. आणि नाही उठला तर टोमणा मारू नका. नऊ वर्षांचा आहे तो. कुत्रा कुणाच्याही नावानं आला तरी सांभाळायचा असतो मोठ्यांनीच, हे गृहीत धरूनच निर्णय घ्यायचा.

चावण्याची भीती रास्त आहे. आजच त्याला हे शिकवा: आई पिल्लांना पाजत असताना जवळ जायचं नाही, खाणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, आईसमोर पिल्लू उचलायचं नाही, कुत्रं गुरगुरलं की पळायचं नाही, हात अंगाशी घेऊन हळूहळू मागे सरायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दात किंवा नख जरा जरी लागलं तरी घरी लगेच सांगायचं, बाबा रागावणार नाहीत. रागावण्याच्या भीतीनं मुलं लपवतात, आणि रेबीज एकदा लक्षणं दिसायला लागली की वाचवत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना-तिखट काही लावायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना, आणि लशीच्या ठरलेल्या सगळ्या तारखा पाळायच्या. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायच्या इम्युनोग्लोब्युलिनचंही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) डॉक्टरांना विचारायचं. मुलगा रोज कुत्र्यांमध्ये असणार असेल तर रेबीजची लस आधीच देऊन ठेवता येते. तुमच्या बालरोगतज्ज्ञांशी बोला.

त्या आईच्या नसबंदीचंही बघा, नाहीतर काही महिन्यांनी पुन्हा पिल्लं. पिल्लांचं दूध सुटलं की महापालिकेकडे किंवा शहरातल्या एखाद्या प्राणिमित्र गटाकडे नसबंदी आणि रेबीजच्या लशीसाठी नाव द्या. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तुमच्याच शहरात. पिल्लाची पहिली तपासणी तिथे करता येईल. मुलाला बरोबर न्या. डॉक्टर पिल्लाच्या हिरड्या कशा बघतात, कान कसे तपासतात, हे त्याला जवळून दिसू दे.

पिल्लं आठ आठवड्यांची झाली की घरात बसून बोला. तेव्हा एक पिल्लू वर आणायचं की नाही हे ठरेल, आणि त्यात मुलाच्या आईचं मत सगळ्यात वजनाचं. ती म्हणते सगळं माझ्यावर पडेल. आजवर घरातलं काय काय तिच्यावर पडलंय, हे आठवूनच ती बोलतेय. तिला पटवू नका. तुम्ही स्वतः काय करणार ते बोला: सकाळचं फिरवणं माझं, रात्रीचं माझं, लसीच्या तारखा माझ्याकडे, पिल्लानं घाण केली तर पुसणार मी. हे तुम्ही पुढच्या महिन्याभरात खाली पार्किंगमध्ये करून दाखवलंत, तर तिला तुमच्या शब्दावर भरवसा ठेवायला काहीतरी कारण मिळेल. तरीही तिनं नाहीच म्हटलं तर ते नाही मान्य करा, आणि मुलाला ‘आईला नको आहे’ असं सांगू नका. ‘आपल्या घरानं ठरवलं’ असं सांगा. नाहीतर त्या घरात आई कायमची खलनायक होईल.

आजींच्या बाबतीत दत्ताच्या तसबिरीतली चार कुत्री दाखवून त्यांना गप्प करायचा मोह होईल. करू नका. देवघर त्यांचं आहे. पिल्लू आलंच तर देवघराच्या खोलीला छोटं फाटक लावा आणि तो नियम सगळ्यांनी पाळा. देशी कुत्र्याचे केस आखूड असतात, गळतात, पण हस्कीसारखे गादीभर नाही. आजींच्या गुडघ्यांचाही विचार करा. पायात घुटमळणाऱ्या पिल्लानं म्हातारं माणूस पडतं, म्हणून पहिले सहा महिने त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळी पिल्लू आडोशाला हवं.

सोसायटी काही म्हणाली तर भिऊ नका. घरात कुत्रं पाळण्यावर किंवा त्याला लिफ्टमधून नेण्यावर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, भारतीय पशुकल्याण मंडळानं तशी मार्गदर्शक सूचना काढलेली आहे. पण महापालिकेची नोंदणी, लसीकरणाचं कार्ड आणि रस्त्यावरची घाण उचलायची पिशवी या तीन गोष्टी तुमच्याकडे हव्यात.

देशी पिल्लू मोठं होऊन कसं दिसेल, हे आज कुणी सांगू शकत नाही. कान उभे राहतील की पडतील, रंग आईचा की भलताच. मुलाला याची हुरहुर वाटेल, कदाचित थोडी निराशाही. मित्राकडे लॅब्रॅडॉर असेल, शाळेत कुणीतरी म्हणेल ‘हा तर रस्त्यावरचा’. त्या वेळी तुम्ही कमी पडू नका. या कुत्र्यांचे पूर्वज शेकडो पिढ्या याच मातीत, याच उन्हात वाढलेत. पातळ कातडी, सडपातळ अंग, लांब नाक, हे सगळं इथल्या हवेला साजेसं आहे. मे महिन्यात त्यांनाही दुपारी सावली लागतेच. डांबरावर हाताचा पालथा पंजा पाच सेकंद ठेवून पाहायचा. आपल्याला सोसला नाही तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही. पण संध्याकाळी ते तुमच्या लेकाबरोबर मैदानात धावेल, हस्की तेव्हा फरशीवर पसरून धापा टाकत असता.

आणि घरानं शेवटी नाही ठरवलं, तरी खालची सोबत तोडू नका. पिल्लांना घरं मिळवून देणं हे सुट्टीतलं मोठं काम आहे. मुलाला फोटो काढू द्या, चिठ्ठ्या लिहू द्या, घेणाऱ्या घराला तो स्वतः प्रश्न विचारू दे: कुत्रं बांधून ठेवणार का, गावाला गेलात तर कुणाकडे ठेवणार, लस कधी देणार. विक्रेत्यानं तुम्हाला यातला एकही प्रश्न विचारला नव्हता.

विक्रेत्याला फोन करताना मुलाला समोर बसवा. त्याच्या नकळत रद्द करून नंतर सांगितलंत तर त्याला फसवल्यासारखं वाटेल. तो रडेल, त्याला रडू द्या. लगेच आइस्क्रीम किंवा दुसरं काही देऊन ते रडणं झाकू नका. ऊन उतरलं की दोघं मिळून मातीचं भांडं आणायला जा.